हसतमुख मास्तरचा सत्कार

राजारामपुरी, कोल्हापूर

ती. अक्का,
धाकट्या उदयचा नमस्कार.

फोनवर तुझा आवाज आला की मी सवयीनं हसतो, म्हणून लिहितोय. जेवण वेळेवर हाय. क्लास जोरात चाललाय.

रविवारी क्लासच्या मालकानं 'सदा हसतमुख शिक्षक' म्हणून माझा सत्कार केला. त्याआधी वीस मिनिटं मी बाथरूममध्ये नळ सोडून रडत होतो. मग बाहेर आलो, फेटा बांधून घेतला आणि दात दाखवले. टाळ्या पिटणाऱ्या एकाही शहाण्याला माझे सुजलेले डोळे दिसले न्हाईत. तिथं सगळ्यात मोठा ढोंगी मीच.

सहा महिने असंच चाललंय. मंगळवारी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं गेलतो. "हा आजार आहे, उपचारानं बरा होतो," म्हणाले. मालकाला सांगितलं, तर खिदळला. "सर, तुम्हाला कसलं डिप्रेशन? परवाच फेटा बांधलाय की!" असल्या टोणग्याचं कौतुक मी तुला सांगायचो!

पुढच्या मंगळवारी डॉक्टरांनी घरचं माणूस आणायला सांगितलंय. आईला एवढ्यात सांगू नको. तुझा गुडघा कसा हाय? दुखत नसेल तर गगनबावड्याहून सकाळच्या एसटीनं ये.

दुखत असला तरी ये.

तुझाच,
उदय