सातवा भाग ऐकण्याआधी

नवेगाव बांध,
१० ऑक्टोबर २०१८

आदरणीय खेमराजभाऊ,

सविनय जयभीम. तुमचा गुडघा कसा आहे आणि वहिनींचा रक्तदाब काय म्हणतो, हे आधी विचारायचं असतं म्हणून विचारतो; उत्तर सवडीने द्या. पण भाऊ, येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात माझा सातवा भाग लावू नका. दरवेळी लावता, "हा माझा आतेभाऊ" म्हणून चंद्रपूरच्या लोकांना सांगता, ते उपकार आहेतच. हा मात्र एकट्याने ऐका, आणि त्याआधी हे पत्र पूर्ण वाचा. (फोन केला असता, पण तुमचा आवाज ऐकला की माझी बोबडी वळते.)

तुम्ही मागे विचारलं होतं, हे पॉडकास्ट चालतं कसं आणि तुझ्यासारख्याला बोलायला दिलं कोणी. कोणीच दिलं नाही, हीच तर गंमत आहे. रेडिओच हा, पण याला स्टेशन नाही, साहेब नाही, आवाजाची परीक्षा नाही. मी रेकॉर्डरपुढे धानाच्या नाहीतर बांधावरच्या पाखरांच्या गोष्टी करतो, आमची रंजिता ते कार्ड गोंदियाला नेऊन इंटरनेटवर चढवते, आणि ज्यांनी एकदा नाव नोंदवलं त्यांच्या फोनात नवा भाग आपोआप उतरतो. नाव नोंदवलेले एकूण पाच, त्यात एक तुम्ही. त्या आपोआपनेच माझा घात केला.

झालं असं की घरात कोंबड्या आणि शेजारची चक्की, म्हणून मी धानाच्या रिकाम्या ढोलीत बसून बोलतो (माणसापेक्षा उंच, बांबूची, आतून लिंपलेली, आवाज अजिबात घुमत नाही). शिडी लावून उतरायचं, फोन बाहेर ठेवायचा. रंजिताची सक्त ताकीद आहे की सुरुवातीला दोन मिनिटं गप्प बसायचं, म्हणजे मागची घरघर नंतर पुसता येते. तर मी गप्प बसलेलो, आणि शेजारचा भैय्यालाल शिडी मागायला आला. अल्काने ढोलीची शिडी काढून त्याला दिली, दार लावलं आणि लवकर पिकणारा हलका धान कापायला शेतावर गेली. मला सगळं ऐकू आलं. पण दोन मिनिटं व्हायची होती, म्हणून मी बोललो नाही. नंतर बोंबललो, तर चक्की सुरू झाली.

अडीच तास, भाऊ. तासाभरात पाखरं संपली. मग गाणी झाली. मग तुमची आठवण आली, आणि जे लग्नाला इतकी वर्षं होऊन अल्कालाही कधी सांगितलं नव्हतं ते मी त्या ढोलीत मोठमोठ्याने सांगून बसलो. मशीन केव्हाच बंद पडलं असेल असं वाटलं होतं. अल्का आली, वरून डोकावून म्हणाली, "काऊन जी, येथी काऊन बसून राहिले?" तेव्हा सुटलो. दुसऱ्या दिवशी रंजिताने न ऐकता कार्ड नेलं आणि भाग चढवला.

तर तेच इथे लिहितो. १९९९ साली तुम्ही आमच्या घरी राहत होता आणि आपण दोघांनी रेडिओच्या आवाज-चाचणीसाठी अर्ज केला. दोघांनाही बोलावणं आलं नाही असं मी सांगितलं. तुम्हाला आलं होतं, मला नाही. ते मी लपवलं. तुमचा तो आवाज एसटीत "पुढे सरका" म्हणण्यात गेला, तो माझ्यामुळे. मला फार लाज वाटते. ते पत्र पेटीत जपून ठेवलं होतं, फाडायची हिंमत झाली नाही. सोबत जोडलं आहे. शिव्या द्या, यापुढे बोलू नका, तुमचा हक्क आहे. पण खरं सांगतो, परवापासून पोटभर जेवतो आहे आणि झोपही लागते. आता छाती हलकी वाटते.

तुमचा,
रत्नपाल

ता.क. सातवा भाग नऊ जणांनी ऐकला. भंडाऱ्याच्या एका बाईंनी लिहिलं आहे, "त्या खेमराजभाऊंचा आवाज ऐकवा, तुमचा पुरे." नवा धान यायला अजून पंधरा दिवस आहेत, तोवर ढोली रिकामी आहे. आठवा भाग तुम्ही बोला. अर्ज करावा लागत नाही.

ता.क. २. रंजिता म्हणाली होती, "बाबा, काढून टाकू का? मोठेबाबांनी अजून ऐकला नसेल." (मोठेबाबा म्हणजे तुम्ही.) मीच नको म्हणालो. सातही भागांत माझा आवाज त्यातच सगळ्यात चांगला आला आहे.