खालच्या थरातला दात

४ मार्च

दात घोड्याचा. थर चुकीचा! दुपारपासून घरात कुणी धड बोललेलं नाही. म्हणजे ताई आणि मी, दोघंच आहोत म्हणा.

लिहून काढतो, मला तरी कळेल. ताई जिथे जीवाश्म खणते त्या टेकडीच्या कड्यात दोन थर. खालच्यात पाला ओरबाडणारी जुनी जनावरं, वरच्यात बाहेरून आलेले घोडे. ताईचं तीस वर्षांचं म्हणणं — आधी जंगल आटलं, जुनी जनावरं संपली, मग मोकळ्या कुरणात घोडे आले. कुणी कुणाला हुसकलं नाही. आणि आता खालच्या थराच्या चाळलेल्या मातीत घोड्याचा दात! उंच, गवत दळणारा. मग काय, दोघं एकत्र नांदत होते?

"तीस वर्षं मी काय शिकवत होते रे?" ताई एवढंच म्हणाली.

५ मार्च

संग्रहालयात या जनावरांचा फलक लागायचाय, मजकूर मी लिहायचा, शुक्रवारपर्यंत. जन्म पेपरात गेला, मजकूर कधी उशिरा दिला नाही. आज एकच वाक्य चार वेळा खोडलं. रंगाऱ्याचा फोन — "साहेब, घोडे आधी की नंतर, तेवढं सांगा. डबा उघडून बसलोय."

संध्याकाळी ताई म्हणाली, "बातमीदार, सोमवारी मधे चाळणी धुतली होतीस?" सकाळी वरच्या थराची माती चाळली, मग त्याच चाळणीतून खालच्या थराची. वरचा एखादा दात जाळीत अडकून राहिला असेल तर सगळा उलगडा होतो. चाळण्या धुणं माझं काम. धुतली होती? गार पडलेले हात आठवतात — पण ते सोमवारचे की शनिवारचे?

तीनदा विचारलं तिने. रागाने नाही, आशेने. तेच वाईट.

६ मार्च

आठवत नाही.

७ मार्च

"नाही धुतली," सांगून टाकलं. "गाढव आहेस," म्हणाली, पण चेहरा केवढा उजळला! दात बाद. जेवली पोटभर. मजकूर वेळेत गेला — घोडे नंतर.

मग मला का पचत नाहीय? खरं बोललो की खोटं, तेच ठाऊक नाही!

११ मार्च

फलक लागला. अक्षर सुरेख. ताई त्याच्यासमोर थांबलीच नाही, सरळ पुढे गेली. दमली असेल?

१२ मार्च

ताई सकाळीच निघाली, फलक उतरवायला. चपला घालताना म्हणाली, "सोमवारी चाळणी मीच धुतली होती. घासून. तुला विचारलं तेव्हाही मला ठाऊक होतं."