पपांनी लिहून ठेवलेली निधनवार्ता

हार्टेनरोड, १२ नोव्हेंबर २०१९, मंगळवार

प्रिय गिसबेर्ट,

आज सकाळपासून धुकं आहे. दहाला पाद्री येऊन गेले, मग शवपेटी ठरवायला माणूस आला. ओकची सांगितली. पपा रविवारी सकाळी गेले, शिकारीला निघताना, एक बूट पायात आणि एक हातात. फार त्रास झाला नाही. हे तुला फोनवर सांगायला हवं होतं, पण तुझा नंबर माझ्याकडे नाही.

निधनवार्ता उद्या दुपारपर्यंत वर्तमानपत्राकडे पोचवायची आहे. आपल्या घरातले पुरुष ती स्वतःच लिहून ठेवतात, तुला ठाऊकच आहे. पपांचं पाकीट खालच्या खणात लाखेने बंद केलेलं होतं. क्लोथिल्डे आत्यासमोर मी ते फोडलं, मोठ्याने वाचायला लागले. शोकाकुल म्हणून पहिलं नाव तुझं होतं. मग तुझी बायको रेनाटा. मग तुमची मुलं मेर्ले आणि यानिक, वेगळ्या शाईने. त्यांच्याखाली मी आणि आत्या. आणि अगदी शेवटी, पेन्सिलीने, कापऱ्या अक्षरात: फिटे. हा फिटे कोण, मला माहीतसुद्धा नव्हतं.

"बेकरीवाल्याची पोर आपल्या निधनवार्तेत?" आत्या म्हणाली. "माझ्या भावाचं डोकं फिरलं होतं. जाळ ते, नाहीतर माझं नाव काढ." बत्तीस वर्षांत पपांनी तुझं नाव या घरात घेतलं नव्हतं. बरोबरीच्या घराण्यात लग्न केलं नाही तर जंगलावर हक्क नाही, हा कुळाचा नियम त्यांनीच तुला लावला होता. मग हे काय?

तेवढ्यात आपला जंगलरक्षक ऑटमार शवपेटीवरच्या डहाळ्या घेऊन आला. मी त्याला फिटे कोण म्हणून विचारलं. त्याने टोपी काढली. "तुमच्या मेर्लेचा मुलगा. जुलैत झाला." दर ऑक्टोबरात पपा आणि तो ब्रेमेनला कानाच्या डॉक्टरकडे जायचे. "डॉक्टर कसला, वाल्बुर्गाबाई. पाव आणायला जायचो," ऑटमार म्हणाला. रेनाटा बेकरीतली पहाटेची पाळी संपवून घरी गेली की दोघं दुकानात शिरायचे. "मेर्ले विचारायची, 'काय जंगलवाले काका, यंदा रानडुकरं किती?' साहेब एका कॉफीवर दोन तास काढायचे. अन् परतताना मला दम, तोंड उघडलंस तर पुढच्या शिकारीत रानडुक्कर समजून तुलाच उडवतो."

गिसबेर्ट, तो काळा पाव मी अकरा वर्षं खाल्ला आहे. मी म्हणायचे, पपा, पाव आपल्या गावात मिळत नाही का? ते म्हणायचे, असा नाही मिळत.

मग त्यांनी स्वतःची ओळख का दिली नाही, असं मी ऑटमारला विचारलं. "मीही विचारलं होतं. म्हणाले, मुलाने एकदाही पत्र लिहिलं नाही. त्याला मी नको आहे."

म्हणून हे पत्र. १९८७ साली तुला गेलेलं पत्र पपांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. जंगल वाल्बुर्गाला जाईल, ही ओळ त्यांची होती. "यापुढे लिहू नकोस, तुझ्या मुलांची नावंसुद्धा मला ऐकायची नाहीत," ही ओळ माझी. सही करताना ते पुन्हा वाचत नसत, हे मला माहीत होतं. तू परत आलास तर पपा नियम मोडून जंगल तुला देतील, अशी मला भीती वाटली. मी तेवीस वर्षांची होते. हे कारण म्हणून सांगत नाही. निधनवार्ता त्यांनी लिहिली तशीच छापायला देते आहे, फक्त आत्याचं नाव काढून. दफन शनिवारी अकराला. शिकाऱ्याच्या कबरीत पहिली डहाळी थोरल्याने टाकायची असते. मी टाकणार नाही. ऑटमार हे पत्र घेऊन सकाळच्या गाडीने निघेल. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण सगळ्यांना घेऊन ये. फिटेलाही.

आत्या सामान बांधते आहे. स्वयंपाकघरात कुणी नाही. पंधरा दिवसांपूर्वी आणलेल्या पावाचा शेवटचा तुकडा कपाटात आहे, कडक झालाय. तो कापायला उठते.

तुझीच,
वाल्बुर्गा