पाइपातले बुडबुडे

अहो,

घाबरू नका, व्हॅन चोरीला गेलेली नाही. मीच घेऊन गेलेय!

दुखणं सापडलं! इंजिनात काहीच खोट नव्हती. मेकॅनिकनं उगाच त्याला म्हातारं ठरवलं आणि तुम्हीही मान डोलावलीत. चढ आला की गाडीला धाप लागायची आणि ती बंद पडायची, म्हणून मला डिझेलच्या पाइपाचीच शंका होती. सकाळी फिल्टरजवळ पारदर्शक नळीचा तुकडा जोडून बघितला, तर आत नुसते बुडबुडे! टाकीजवळच्या रबरी पाइपाला चीर गेली होती. तिथून हवा शिरायची आणि इंजिनाला डिझेल पुरायचं नाही. पाइप बदलला, हातपंप मारून हवा काढली, आणि पहिल्याच चावीला अशी गरजली, की शेजारीण गॅलरीत धावत आली. मी तर तेलकट हातांनीच टाळ्या वाजवल्या.

आता टेकडीचा चढ चढवून बघते. तिथे दम टिकला, की उद्याच निघायचं, लेकीकडे. गाडीतल्या मागच्या दोन्ही बिछान्यांवर धुतलेल्या चादरी घातल्यात. इतके दिवस तिच्याकडे जायचं टाळायला तुम्ही गाडीचं कारण सांगत आलात आणि मी ऐकून घेतलं.

मघाशी तिला फोन केला. म्हटलं, "बाबांना घेऊन येतेय." तिनं एवढंच विचारलं, "बाबा अजून बिनसाखरेचाच चहा पितात ना?"

तुमची बॅग पलंगावर काढून ठेवलीय. कपडे मात्र तुमचे तुम्हीच भरा.

— मी