खारवाड्याचं इंटरनेट

२ डिसेंबर २०१४, सकाळी
आजपासून डायरी. मोठी माणसं लिहितात, आणि गावाचा कारभार आता माझ्यावर आलाय. सीट महिलांसाठी राखीव होती म्हणून सरपंच रंभा झाली, माझी बायको. बाकी सगळं मीच बघतो. ती सही करते. जमतं आमचं.
संकल्प: २६ जानेवारीपर्यंत खारवाड्यात घराघरात इंटरनेट. मेन लाइन शिरढोणपर्यंत आलेलीच आहे. तिथून गाव साडेतीन किलोमीटर. त्यात काय एवढं.

५ डिसेंबर
कॉन्ट्रॅक्टर फिक्स. तळोज्याचा प्रितेश. ब्लेझर, लॅपटॉप, गोड बोलणं. आपल्या पंचायतीच्या इमारतीतून निळ्या लाटा निघताना स्क्रीनवर दाखवल्या. मी भारावलो. नियमाप्रमाणे तीन कोटेशनं लागतात. तिन्ही त्यानेच आणून दिली. किती सोय!
ग्रामसेवक उदयसिंह भाऊसाहेब म्हणाले, तिन्ही कागदांवर स्पेलिंगच्या चुका सारख्याच आहेत. या माणसाला संशय घ्यायची सवयच आहे.
रंभाने विचारलं, "वायर आणायची कुठून? मधे तर ओढा हाय." म्हटलं, ते टेक्निकल असतं, सही कर. केली.

१९ डिसेंबर
खोदकाम सुरू. नारळ मी फोडला. दुपारी जेसीबीने पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन तोडली. प्रगतीत असं होतं.

२१ डिसेंबर
पाणी नाही, तिसरा दिवस. गंगाबाई वीसेक बायका आणि रिकामे हंडे घेऊन दारात. मी तातडीच्या कामासाठी मागच्या दाराने पनवेलला गेलो. (मिसळ बरी होती.) संध्याकाळी आलो तर रंभा प्लंबरसोबत स्वतः खड्ड्यात उतरलेली. सांगितलं, सरपंचाने असं चिखलात उभं राहणं बरं दिसत नाही. म्हणाली, "मंग तुमी उतरा."
पाठ दुखत होती.

९ जानेवारी २०१५
पंचायतीच्या गच्चीवर डिश आली. लाल दिवा लुकलुकतो. खालून वायर जमिनीत गेलीय, पुढचं प्रितेशला माहीत. त्याला काम पूर्ण झाल्याचा दाखला हवाय. दाखला मिळाला की वरून लाइन चालू होते, सिस्टिमच तशी आहे म्हणाला. भाऊसाहेबांनी फाइलला आपला आक्षेप लेखी लावून ठेवला. हौस.
रंभा म्हणाली, "चालू झालं की सही करते." दोन तास समजावलं. शेवटी म्हटलं, नवऱ्यावर विश्वास नाही का? मग केली.

२६ जानेवारी
झेंडावंदनानंतर उद्घाटन. मी भाषण केलं, बावीस मिनिटं. प्रितेश आला नाही. पंचायतीच्या कॉम्प्युटरवर नुसतं गोल फिरत राहिलं. लोकांना सांगितलं, लोड आलाय. माझी मुलगी समृद्धी बारावीला आहे. तिने सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, मग माझा ऑनलाइन फॉर्म पनवेलला जाऊनच भरू ना?"
हल्लीच्या पोरांना धीर नाही.

३ फेब्रुवारी
प्रितेशचा फोन स्विच ऑफ. आज नवव्यांदा. बिझी असेल.

६ फेब्रुवारी
तळोज्याला गेलो. ऑफिसच्या पत्त्यावर चिकन सेंटर. मालक म्हणाला, त्याने गेल्याच महिन्यात गाळा सोडला. ऑफिस मोठ्या जागेत नेलं असावं. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांकडे बघत थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.

१७ फेब्रुवारी
भाऊसाहेबांनी चर उकरून पाहिला. वायर दोनशे मीटरवर संपते. टोकाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली.
पंचायत समितीची नोटीसही आज आली. सरपंचाच्या नावे. काम झालेलं नसताना दाखला देऊन बिल कसं काढलं? पद जाऊ शकतं. रंभाने नोटीस तीनदा वाचली, मग सगळ्या फायली काढून बसली. म्हटलं, घाबरू नकोस, सुनावणीत मी बोलेन. प्लॅन तयार आहे. (साहेबांना आधी चहाला न्यायचं.) रात्री ती जेवली नाही. ताट घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो. फायलीतून मान वर न करता म्हणाली, "ठेवा तिथं."

४ मार्च, दुपारी
पनवेलला सुनावणी. साहेब चहा घेत नाहीत.
शिपायाने दारात अडवलं. कोण तुम्ही? म्हटलं, सरपंचांचा नवरा, म्हणजे सगळा व्यवहार मीच बघतो. म्हणाला, मग बाहेर बसा.
सव्वा तास बाकावर. दाराला कान लावून पाहिला. पंख्याचाच आवाज.
रंभा बाहेर आली. पद तूर्त राहिलंय, निर्णय जिल्ह्याहून, म्हणजे अलिबागहून येणार. आजच पोलिसांत तक्रार द्यायला सांगितलंय. विचारलं, माझ्याबद्दल काही निघालं का?
"सायबांनी इचारलं, कॉन्ट्रॅक्टर कोनी निवडला. मी बोलले, सही माझी हाय."
म्हटलं, अगं, मला आत बोलवायचं, मी सांगितलं असतं.
"काय म्हनून बोलवू? एका कागदावर तुमचं नाव नाय."
सगळे कागद आठवून पाहिले. खरंच नाही.

४ मार्च, संध्याकाळी
पोलीस ठाण्यात रंभाने तक्रार सांगितली. तारखांसकट, कुठे न अडखळता. मला एक शब्द बोलावा लागला नाही. शेवटी मीच म्हटलं, साक्षीदार म्हणून तरी माझं नाव घ्या. हवालदारांनी घेतलं. तुळशीराम, वय सत्तेचाळीस. धंदा विचारला. सांगितलं, समाजकार्य.
त्यांनी पेन थांबवून रंभाकडे पाहिलं.
ती म्हणाली, "घरीच असतात."
तसंच लिहिलं.