आपला पाच जागांचा नकाशा

ब्रिस्टल,
एप्रिल २००५

प्रिय सुप्रभा,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला, पण इतक्या वर्षांची सवय एका आठवड्यात जात नाही. मंडळातल्या अरुणाताईंकडून तुझा निरोप मिळाला. तुझ्या खासदारकीच्या उमेदवारी अर्जावर इथल्या दहा मतदारांच्या सह्या लागतात, त्यातली एक माझी हवी म्हणालीस. स्वतः फोन का केला नाहीस ते विचारत नाही.

आपला नकाशा आठवतो? माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरून आपण ब्रिस्टल आणि आसपासच्या पाच मतदारसंघांच्या हद्दी पुसल्या होत्या, आणि पाच खासदारांचा एकच मोठा मतदारसंघ आखला होता. जितकी मतं, तितका वाटा. लोकांना काही केल्या पटेना. मग तूच डोकं चालवलंस, आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत फराळावरच मतदान घेऊ म्हणालीस. आधी इथल्या पद्धतीने, एकाच पदार्थापुढे फुली, ज्याला सर्वांत जास्त मतं तोच ताटात. चकली जिंकली आणि ताटात नुसती चकली आली. गोडाची मतं लाडू, करंजी आणि शंकरपाळ्यांत विभागली गेली होती, त्यामुळे निम्म्याहून जास्त हॉल तोंड पाडून बसला. मग ताटात तीन पदार्थ घ्यायचे ठरवून सगळ्यांना पसंतीचे क्रमांक लिहायला लावलेस, तेव्हा चकलीशेजारी लाडू आणि करंजीही आली. जन्मात मत न दिलेले पुरुषोत्तमकाका म्हणाले, असं असेल तर मीही मत द्यायला जाईन. त्या दिवशी मला तुझा फार अभिमान वाटला.

पुढे मोठ्या पक्षाने तुला बोलावलं. दगड उभा केला तरी निवडून येईल अशी ही जागा. मी जळले नाही गं, मंडळात पेढे मीच वाटले. आत जाऊन बदलेन म्हणालीस, ते मला खरं वाटलं. माझा नकुल वॉटफर्डच्या नव्या नोकरीवरून शनिवार-रविवार घरी यायचा, त्यालाही तुझ्या पत्रकांच्या घड्या घालायला बसवलं. ‘दुसऱ्याला मत म्हणजे मत वाया’ असं त्यात छापलेलं त्यानेच मला दाखवलं. पक्षाने छापलं असेल, असं म्हणून मी तुझीच बाजू घेतली.

गुरुवारच्या सभेत मी तिसऱ्या रांगेत होते. एका मुलीने आपल्या त्या प्रमाणशीर मतदानाबद्दल विचारलं. तू माझ्याकडे पाहिलंस, नजर काढून घेतलीस आणि इंग्रजीत म्हणालीस, “दिवाळीचा फराळ निवडायला ते ठीक आहे. देश असा चालत नाही.” सगळे हसले. पुरुषोत्तमकाकाही हसले, त्यांना नीट ऐकू येत नाही म्हणून. घरी जाताना गाडीत तू काय म्हणालीस ते मी त्यांना सांगितलं. तुझं मत बदललं असतं तर मी भांडले असते, रुसले असते, आणि पुन्हा तुझ्याकडे चहाला आले असते. पण जे आपण दोघींनी मिळून केलं ते तू माझ्यादेखत हसण्यावारी नेलंस. ते मला फार लागलं.

तुला माझी सही मिळणार नाही, कारण मीच उभी राहते आहे. अपक्ष, तुझ्याविरुद्ध. पहिली सही पुरुषोत्तमकाकांनी केली. उमेदवारांच्या यादीत माझं नाव वाचून तुला कळू नये, माझ्याकडूनच कळावं, म्हणून हे पत्र. तू निवडून येशील आणि मी पडेन, यात काही शंका नाही. आपल्या त्या नकाशात दोघींनाही जागा झाली असती.

अजून तरी तुझीच,
प्रमोदिनी