सात किलोत बसवून दाखवतो

सोमवार, १३ जानेवारी
ठरलं. शनिवारी बेंगळुरू. रविवारी जोआनाच्या बाळाचा बाप्तिस्मा, आणि गॉडफादर कोण? मी! जावयाचा भाऊ ॲलिस्टर टपलेलाच होता, पण पोरीने हट्ट धरला, पप्पाच हवेत. बसला तो हात चोळत.

तिकिटं जोआनानेच काढून मोबाइलवर पाठवली. बारीक अक्षरांत पानभर इंग्रजी. वाचलं नाही. स्वस्तातलं विमान म्हणजे हातातली एक बॅग, सात किलो, वर गेलं की खिसा कापतात. आमच्या अख्ख्या उमेळे गावाला माहीत आहे. एमिलीला म्हटलं, जन्म गेला माझा भाजी तोलण्यात, सात किलोत बसवून दाखवतो. ती गप्प. बायको गप्प म्हणजे पटलं.

मंगळवार, १४ जानेवारी
शेजारच्या फ्लॉसीबाईंना बातमी लागली. (मीच सांगितली.) त्यांचा मुलगा तिकडेच असतो. त्याच्यासाठी 'एवढंसं' पार्सल. सुके बोंबील. नाही म्हणायचं पक्कं होतं. तोंडातून निघालं, द्या हो, मी आहे ना.

बुधवार, १५ जानेवारी
बॅग भरली. कपडे, बोंबील, जोआनासाठी आपल्या वाडीतल्या राजेळी केळ्यांची वाळवलेली सुकेळी, दोन पुडकी. भाजीच्या ताणकाट्याला टांगली. बरोब्बर सात! हात आहे की काय हा!

एमिली म्हणते, जोआनाला एकदा विचारून घ्या ना. म्हटलं, ओल्या बाळंतिणीला कसला ताप देतेस?

परत टांगली. परत सात. ब्रश काढून टांगली. ब्रश घालून टांगली. निश्चय : उद्या बॅगेला हात लावायचा नाही.

गुरुवार, १६ जानेवारी
चहाच्या आधीच टांगली. सात.

शुक्रवार, १७ जानेवारी
जेवण जात नाही. फादर काय काय विचारतील ते आठवतोय आणि मधेच वजन आठवतं. संध्याकाळी फ्लॉसीबाई पापड घेऊन हजर. घेतले. एक पँट बाहेर काढली. उद्यापासून कडक राहायचं.

शनिवार, १८ जानेवारी
९.२० विमानतळ. विमान कंपनीच्या मुलीने बॅग काट्यावर ठेवली. सव्वानऊ किलो! म्हटलं, बाई, तुमचा काटा तपासून घ्या. एमिलीची बॅग सहा. तिने तर घरी तोललीपण नव्हती. एमिली काट्याकडे बघत म्हणते, तुमच्याकडेच गिऱ्हाइकं का तुटून पडतात ते आज कळलं. म्हणजे माझा काटा कमी दाखवतो? इतकी वर्षं मी लोकांना वांगी फुकट घातली? शक्यच नाही.

मुलगी म्हणाली, अंकल, ही बॅग त्या काउंटरवर देऊन टाका. गोड हसून. असं हसू मी बाजारात पुष्कळ बघितलं आहे. आधी बॅग घेणार, मग पावती फाडणार. पुढे काहीतरी सांगत होती, मी ऐकूनच घेतलं नाही. एमिलीला म्हटलं, तू पुढे हो, मी आलोच.

९.५० टॉयलेटमध्ये. अंगावरचं वजन धरत नाहीत! तीन शर्ट, दोन पँट, वर लग्नातला कोट. बाहेरच्या खिशांत सुकेळी, आतल्या खिशात बोंबील. बसता येत नाही. घामाच्या धारा. पण बॅग सातच्या आत. मुलीने मुकाट्याने सोडलं. जिंकलो!

११.०५ सिक्युरिटीवाल्याने एकेक खिसा रिकामा करायला लावला. सुकेळ्यांची पुडकी सोडून बघितली. आतला खिसा उघडला तशी मागची रांग आपणहून दोन पावलं सरकली. मग कोट काढा, शर्ट काढा, दुसरा शर्ट काढा. एमिलीचे फोनवर फोन. तिला म्हटलं, तू चढ, पोचतोच मी.

धावलो. दोन पँटीत धावता येत नाही. गेट बंद. हातापाया पडलो. नाही म्हणजे नाही. आजची बाकीची आणि उद्या सकाळचीही विमानं भरलेली.

संध्याकाळी. घरी. जोआनाचा फोन. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, पप्पा, पंधरा किलोची वेगळी बॅग तिकिटातच होती, काउंटरवर द्यायची, फुकट. कोणीच सांगितलं नाही का तुम्हाला?

म्हटलं, सांगत होती.

रविवार, १९ जानेवारी
दाढी केली. कोट घातला. बोंबलाचा वास येतोय, पण घातला. एमिलीने चर्चमधून व्हिडिओ कॉल लावला. बाळ ॲलिस्टरच्या हातात. नीट धरलंय, तेवढं कबूल करायला हवं. बाळ हसलंसुद्धा त्याच्याकडे बघून. फार वाईट वाटलं. डोळ्यांतून पाणी आलं, पुसलं नाही, बघायला कोण आहे इथे?

फादरांनी विचारलं, सैतानाचा त्याग करता का? ॲलिस्टर म्हणाला, करतो. मी इकडे उभा राहिलो आणि त्याच्यापेक्षा मोठ्याने म्हटलं, करतो. असे तीन प्रश्न असतात, तिन्ही वेळा म्हटलं.

नंतर एमिलीला विचारलं, माझा आवाज नीट आला ना तिकडे? ती म्हणाली, चर्चमध्ये कशाला उगाच, म्हणून मी तुमचा आवाज बंदच ठेवला होता.